रस्ता रुंद होतो तेव्हां पूल कां पाडावा लागतो?



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो वरवर पाहतां केवळ इंजिनियर मंडळींच्या कामाचा वाटेल. परंतु शहराच्या उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशीं त्याचा रोजचा संबंध येतो. हमरस्ता रुंद करावयाचा ठरला म्हणजे पुष्कळदां त्याच्यावरून गेलेला, चांगला भक्कम दिसणारा पूल पाडून टाकतात. हें पाहून लोकांच्या मनांत सहजच येतें कीं, ज्या पुलास तडा गेला नाहीं, जो कालपर्यंत शेंकडों गाड्यांचा भार सोशीत होता, त्यास सुरुंग लावण्यांत कोणतें शहाणपण? लोकांचा पैसा पाण्यांत घालण्याचाच हा प्रकार नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर समजून घेण्यासारखें आहे. मात्र त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहतो, व तो सहसा कोणी विचारीत नाहीं. जुना पूल गेला, रस्ता रुंद झाला, नवा पूल उभा राहिला. पण जुन्या पुलावरून जो पायीं जात होता, त्याच्या वाटेचें काय झालें? हे दोन्ही प्रश्न आज आपण क्रमानें पाहूं.

उदाहरणादाखल पुण्याच्या पश्चिम वेशीवरील चांदणी चौक घेऊं. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. पूर्वीं त्याचा क्रमांक ४ होता. २०१० सालच्या फेरक्रमांकांत तो ४८ झाला. कोथरूडकडून येऊन पौड-मुळशीकडे जाणारा रस्ता, पाषाण व बावधन यांकडील रस्ता, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जाणारा रस्ता, हे सारे याच ठिकाणीं महामार्गास भेटतात. शहरांतील गर्दी टाळून लांबच्या गाड्यांनीं बाहेरच्या बाहेर निघून जावें, या हेतूनें महामार्ग या बाजूनें वळविण्यांत आला. परंतु शहर कांहीं कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाहीं. रस्ता आला तशी त्याच्या कडेला वस्ती आली. बावधन, वारजें, भूगांव हीं एके काळचीं खेडीं शहराच्या अंगाला येऊन भिडलीं, आणि जो रस्ता गांवाबाहेरून जात होता तो वस्तीच्या मधून जाऊं लागला. दूरचा मालट्रक आणि मुलाला शाळेंत सोडावयास निघालेल्या बापाची दुचाकी यांची गांठ एकाच चौकांत पडूं लागली.

आतां पुलाकडे वळूं. रस्त्यावरून जाणारा पूल म्हणजे खालच्या रस्त्याला बसविलेली दाराची चौकट होय. घराची ओसरी वाढवावयाची असेल तर चार फरश्या अधिक घालतां येतात. दाराची चौकट मात्र ताणून रुंद करतां येत नाहीं, ती काढावीच लागते. रस्त्याचेंही तसेंच आहे. वाहनांच्या एका रांगेस, म्हणजे एका पदरास, आपल्याकडे सामान्यतः साडेतीन मीटर रुंदी धरतात. चौपदरी रस्त्याला गाड्यांच्या वाटेपुरते चौदा मीटर झाले. तोच सहापदरी केला कीं एकवीस. शिवाय मधला दुभाजक, कडेच्या मोकळ्या पट्ट्या आणि दोहों अंगांचे सेवारस्ते निराळेच. ज्या पुलाचे खांब जुन्या रस्त्याच्या मापानें उभे केले, त्याच्या पोटाखालून हा सगळा पसारा जाणार कोठून?

पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे रस्ता कितीही रुंद केला तरी गाड्या जावयाच्या त्या पुलाखालच्या वाटेच्या मापानेंच. नरसाळ्याचें तोंड परातीएवढें केलें म्हणून तेल लवकर उतरत नाहीं. तें तोटीच्या मापानें उतरतें. एक लहानसा हिशेब करून पाहा. समजा, एका दिशेच्या चार पदरांतून मिनिटाला शंभर गाड्या चौकाकडे येत आहेत, आणि पुलाखालच्या दोन पदरांतून साठच बाहेर पडत आहेत. म्हणजे दर मिनिटाला चाळीस गाड्या मागें राहिल्या. अर्ध्या तासांत बाराशें झाल्या. एका गाडीला सात मीटर जागा धरली, तर चार रांगांत उभ्या राहूनही ती शेपटी दोन किलोमीटरांच्या पुढें जाते. गर्दीची वेळ अर्ध्या तासानें संपली तरी शेपटी संपत नाहीं, कारण तुंबलेल्या बाराशें गाड्यांना त्याच तोटींतून निघावयाचें असतें. रस्त्यावर अडकलेला मनुष्य पुढच्या गाडीवाल्यावर चिडतो. परंतु दोष पुढच्या गाडीचा नसून अर्ध्या कोसावरील दोन खांबांचा असतो.

खंडाळ्याच्या घाटांतील इंग्रजी अमदानींतला अमृतांजन पूलही असाच गेला. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग त्याच्या खांबांमधून काढलेला होता, व तेथें वाहनें अडखळत. शेवटीं ५ एप्रिल २०२० रोजीं, टाळेबंदीमुळें मार्ग ओस पडला असतां, तो सुरुंगानें पाडण्यांत आला. घाटांतला पूल जुना, चांदणी चौकांतला त्या मानानें कालचा. पण दोघांच्या पायांखालची वाट अरुंद होती, आणि तेवढें कारण पुरेसें झालें.

चांदणी चौकाच्या नव्या कामाचें भूमिपूजन २०१७ सालीं झालें. जुना पूल पडला तो २०२२ च्या ऑक्टोबरांत, आणि नवा चौक रहदारीस खुला झाला तो १२ ऑगस्ट २०२३ रोजीं. इतकीं वर्षें कशांत गेलीं? मुख्यतः जमिनीच्या संपादनांत. रुंदीकरण नकाशावर एका रेघेचें काम असतें. जमिनीवर तीच रेघ कोणाच्या अंगणांतून, कोणाच्या दुकानांतून, कोणाच्या वडिलार्जित शेताच्या बांधावरून जाते. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घेण्याची रीत १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमांत सांगितली आहे: आधीं सूचना, मग हरकती, मग त्यांची सुनावणी, मग मोबदल्याचा निवाडा. ज्याची जमीन जाते त्याचें म्हणणें ऐकून घेण्यास वेळ लागतो, आणि तो लागावाही. त्याशिवाय जमिनीखालीं पाण्याचे नळ, गटारें, विजेच्या तारा असतात. त्या सर्वांची सोय लावल्यावांचून कुदळ मारतां येत नाहीं. या दिरंगाईचा त्रास मात्र रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला भोगावा लागतो. २०२२ च्या ऑगस्टांत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे जात असतां याच चौकांतील खोळंब्यांत सांपडले. तेव्हां लोकांनीं आपलें गाऱ्हाणें त्यांना तेथेंच ऐकविलें. त्यानंतर पूल पाडण्याच्या कामाला वेग आला.

पूल पाडला कसा, हेंही ऐकण्यासारखें आहे. १ ऑक्टोबर २०२२ ची मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमारास सुरुंग उडविण्यांत आले. महामार्ग आधींच थांबविला होता आणि जवळपासचीं माणसें दूर नेलीं होतीं. पुलाच्या अंगांत तेराशेंच्या आसपास भोंकें पाडून त्यांत सुमारें सहाशें किलो स्फोटक भरलें होतें. अशा कामांत सगळे सुरुंग एकदम उडवीत नाहींत. सेकंदाच्या सूक्ष्म अंशांचें अंतर ठेवून ते एकामागून एक उडवितात, म्हणजे हादरा एकवटत नाहीं व बांधकाम आपल्या जागींच खालीं बसतें. भोंवतीं जाळ्या आणि जाड कापड गुंडाळतात, म्हणजे ढलपे दूर उडत नाहींत.

स्फोटाची धूळ खालीं बसली तेव्हां दिसून आलें कीं, पूल पुरता कोसळलेला नाहीं. काँक्रीटाचा चुरा झाला होता, परंतु आंतील लोखंडी सळयांनीं कांहीं भाग धरून ठेविला होता. तो मग यंत्रांनीं तोडून काढावा लागला, आणि सकाळीं महामार्ग पुनः सुरू झाला. असें कां व्हावें? काँक्रीट हा दगडाचाच भाऊ आहे. त्याच्यावर भार ठेवा, तो निमूटपणें सोशील. पण त्यास ओढा, कीं तो तडकतो. पोलादाची सळई उलट ओढ उत्तम सोसते. पुलावरून गाडी जाते तेव्हां तुळईची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून दाब काँक्रीटानें घ्यावा आणि ताण पोलादानें, अशी वांटणी करून दोघांना एकत्र नांदवितात. सुरुंगाच्या धक्क्यानें काँक्रीट फुटलें. पोलाद वांकलें, पण तुटलें नाहीं. पूल दुबळा नव्हता, याची साक्ष त्या सळयांनींच दिली म्हणावयाची. तो गेला तो अरुंदपणामुळें.

नवा पूल बांधतांना जुनी अडचण पुनः उभी राहूं नये, म्हणून खालच्या वाटेंत शक्य तितके थोडे खांब ठेवावे लागतात. खांब थोडे म्हणजे दोन खांबांमधील गाळा लांब. आणि गाळा लांब म्हणजे तुळईच्या मध्यभागीं वांकण्याचा जोर अधिक. यावर एक सुंदर तोड निघालेली आहे, आणि ती आपल्या खेड्यांतील लोहारास निराळ्या रूपानें ठाऊकच होती. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव बसवितांना ती तापवून फुगवितात, चाकावर चढवितात आणि वर पाणी ओततात. धाव निवतांना आंवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा या सर्वांना आंत दाबून धरते. गाडी खडकाळ वाटेनें गेली तरी चाकाचे सांधे सुटत नाहींत, कारण ते आधींपासूनच आवळलेले असतात. पुलाच्या तुळईंतही उच्च प्रतीच्या पोलादाच्या दोऱ्या घालून त्या प्रचंड जोरानें ताणतात आणि टोकांशीं पक्क्या करतात. त्यांच्या ओढीनें सारी तुळई आधींच दाबली जाते. मग वरून गाड्या गेल्या तरी खालच्या बाजूचा ताण त्या दाबांतून वजा होतो. फ्रेंच इंजिनियर युजेन फ्रेसिने यानें १९२८ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. लांब गाळ्याचे आजचे पुष्कळ पूल याच तत्त्वावर उभे आहेत.

रुंदीप्रमाणें उंचीचाही विचार करावा लागतो. खालून उंच मालट्रक सुखरूप जावा, म्हणून शहरी भागांत रस्त्यापासून तुळईपर्यंत साडेपांच मीटर मोकळी उंची धरतात. तुळईची जाडी दीड मीटर धरली, तर वरचा रस्ता खालच्यापेक्षां सात मीटर उंच झाला. तीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, एवढाच उतार ठेवावयाचा असें मानलें, तर सात मीटर चढण्यास दोनशें दहा मीटर लांबीची चढण लागते. आणि तितकीच पलीकडे उतरण. म्हणजे नवा पूल आपल्याबरोबर दोहों अंगांचा जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता बदलून टाकतो. त्या टापूंतील गल्ल्यांचीं तोंडें, घरांचीं फाटकें, दुकानांच्या पायऱ्या या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

ही उंचीची जुळणी किती नाजूक असते, तें मुंबईच्या अंधेरी उपनगरांतील गोपाळ कृष्ण गोखले पुलावरून दिसतें. हा पूल महामार्गावरून जात नसून लोहमार्गावरून जातो, आणि तो पाडण्याचें कारणही निराळें होतें: ३ जुलै २०१८ रोजीं त्याच्या पदपथाचा भाग लोहमार्गावर कोसळला, आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून सबंध पूल रहदारीस बंद करून पुढें पाडण्यांत आला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हां शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशीं त्याची पातळी जुळत नव्हती. दोहोंमध्यें कांहीं फुटांची पायरी पडली होती. लोहमार्गावर आतां पूर्वींपेक्षां अधिक मोकळी उंची ठेवावी लागते. त्यामुळें नवा पूल वर गेला आणि त्याचा जुना सोबती खालीं राहिला. अखेर बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅकांनीं उचलून २०२४ च्या जुलैंत हा सांधा जुळविण्यांत आला. एका पुलाची उंची बदलली कीं शेजाऱ्याची झोंप उडते, असा याचा अर्थ.

आतां कोणी म्हणेल, एवढें सगळें केल्यावर गर्दीचा प्रश्न तरी कायमचा सुटतो ना? याचें उत्तर सावधपणें द्यावें लागेल. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मोठ्या शहरांच्या द्रुतगती रस्त्यांवर गर्दीच्या वेळची रहदारी वाढत वाढत रस्त्याच्या पुऱ्या सामर्थ्याला जाऊन भिडते. रस्ता मोकळा झाल्याचें कळतांच जे लोक दुसऱ्या वाटेनें, दुसऱ्या वेळीं किंवा बसनें जात होते, ते आपापलीं वाहनें घेऊन तेथें येतात. शिवाय एका चौकांतील गांठ सुटली म्हणजे तीच गर्दी अधिक वेगानें पुढच्या अरुंद जागेवर जाऊन थडकते. म्हणून रुंदीकरण निरुपयोगी ठरतें असें नाहीं. पण तें एका वर्षाच्या पावसासारखें आहे, त्याच्या भरंवशावर विहीर बुजवूं नये. बसगाड्या आणि पायवाटा यांची निगा रस्ता रुंद झाल्यावरही राखली पाहिजे.

येथें मी आरंभीं सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. उपनगरांतील पुलावरून मोटारीच जातात असें नाहीं. घरकामाला जाणाऱ्या बाया, शाळेंतील मुलें, महामार्गावर एस. टी. मधून उतरून बोचकें सांवरीत पलीकडे जाणारे प्रवासी, फिरावयास निघालेले वृद्ध, हे सर्व त्याच्या आश्रयानें रस्ता ओलांडतात. पूल पाडला त्या दिवशीं मोटारीला वळसा सांपडतो. पायीं जाणाऱ्याला तो परवडत नाहीं. मोटारीचा तीन किलोमीटरांचा वळसा पांच-सात मिनिटांचा. पायीं तोच पाऊण तासाचा. मग मनुष्य काय करतो? तो दुभाजक ओलांडून सरळ जातो.

यांतला धोका आंकड्यांनीं पाहूं. मुख्य रस्त्याचे सहा पदर आणि दोन्ही सेवारस्त्यांचे मिळून चार, असे दहा पदर धरले तर ओलांडावयाची वाट पस्तीस मीटर झाली. वृद्ध मनुष्य सेकंदाला एक मीटर चालतो असें मानूं. त्याला पस्तीस सेकंद लागले. ताशीं ऐंशीं किलोमीटर वेगाची मोटार पस्तीस सेकंदांत पाऊण किलोमीटरांहून अधिक अंतर तोडते. म्हणजे म्हाताऱ्यानें पहिलें पाऊल टाकलें तेव्हां जी गाडी वळणाआड होती, दृष्टीसही पडत नव्हती, तीच त्याला शेवटच्या पदरांत गांठूं शकते. रस्ता जितका रुंद, तितका हा हिशेब पादचाऱ्याच्या विरुद्ध जातो. मोटारीच्या सोयीसाठीं वाढविलेला प्रत्येक पदर हा त्याच्या वाटेंतील साडेतीन मीटर अधिक धोका असतो. चांदणी चौक रुंद व वेगवान झाल्यावर तेथेंही पादचाऱ्यांना सुरक्षितपणें ओलांडतां यावें अशी मागणी नागरिकांना करावी लागली, यांत नवल नाहीं.

मागाहून लोखंडी जिन्याचा पादचारी पूल उभारतां येतो हें खरें. परंतु सात मीटर उंची म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायऱ्यांनीं सुमारें सेहेचाळीस पायऱ्या चढणें आणि तितक्याच उतरणें. गुडघे दुखणाऱ्या बाईनें, लेकुरवाळीनें, चाकाच्या खुर्चींतील माणसानें तें कसें करावें? भुयारी वाट केली तर चढउतार कमी लागतो, कारण माणसाची उंची मालट्रकाएवढी नसते. मात्र तींत दिवे हवेत, पावसाचें पाणी उपसण्याची सोय हवी आणि राबता हवा. सर्वांत सोपा उपाय निराळाच आहे. जो नवा पूल बांधावयाचाच आहे, त्याच्याच अंगावर दोन्ही बाजूंना प्रशस्त पदपथ ठेवावा. आपल्या रस्तेविषयक मानकांत पदपथासाठीं निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोटारींसाठीं केलेला सौम्य उतार पादचाऱ्यालाही आपोआप मिळतो. एकही पायरी लागत नाहीं.

पण हें पूल नकाशावर असतांनाच करावें लागतें. आरंभीं मीं चौकटीचा दृष्टान्त दिला, तो येथेंही लागू पडतो. तुळया ओतून झाल्यावर पुलाला पदपथाची रुंदी जोडणें जवळजवळ तितकेंच अवघड, जितकें जुन्या पुलाखालून नवे पदर काढणें. जी चूक पूर्वींच्या पिढीनें खालच्या रस्त्याच्या बाबतींत केली, तीच आपण वरच्या वाटेच्या बाबतींत करावयाची काय?

म्हणून आपल्या उपनगरांत रुंदीकरणाची योजना जाहीर होईल तेव्हां नागरिकांनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. पूल पाडण्यापूर्वीं त्यावरून जाणाऱ्या गाड्यांप्रमाणें पायीं जाणाऱ्या माणसांची मोजदाद झाली आहे काय? काम चालूं असतां त्यांच्यासाठीं तात्पुरती वाट कोणती? आणि नव्या पुलावर सलग पदपथ आहे काय, व तो दोन्ही टोकांस घरांपर्यंत आणि बसच्या थांब्यापर्यंत पोंचतो काय? या प्रश्नांना इंजिनियरी विद्या लागत नाहीं. हरकती मागविण्याची मुदत संपण्यापूर्वीं ते लेखी विचारले, तर त्यांचें उत्तर नकाशांत उतरूं शकतें; मुदत गेल्यावर तें काँक्रीटांत गोठून जातें.

रस्ता रुंद झाला कीं जिल्हा जिल्ह्याच्या जवळ येतो. पण त्याच रस्त्यानें समोरासमोरचे दोन शेजारी एकमेकांपासून दूर जाऊं नयेत, एवढी काळजी पूल बांधणाऱ्यांनीं आणि आपण सर्वांनीं घेतली पाहिजे.